मला कोपरे नाहीत

— नाही नाही, या टेबलाचं लाकूड चांगलंच आहे साहेब, लाकडाबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं कोपऱ्यांबद्दल आहे. हे बघा, इथं हात ठेवा — तळहात नको, तळहाताला काय कळतंय, मनगटाची आतली बाजू ठेवा. टोचलं ना? आता ते मनगट नाही, कपाळ आहे असं समजा. एवढंसं, मऊ, अजून टाळूसुद्धा नीट भरली नाही असं. तुमच्या घरी लहान मूल नाही म्हणता? बरं. पण ही मापं बायकोनं लिहून दिलीत ना? म्हणजे लग्न झालंय. म्हणजे काहीही होऊ शकतं.

जरा तो ड्रॉवर उघडून बघितल्यासारखं करा. मालक बघतायत. हां, आता मान हलवा. छान. ते गल्ल्यावर बसलेत ना, चष्मा कपाळावर चढवून, तेच. गेला महिनाभर माझ्या हातून एक टीपॉय गेलेला नाही, म्हणून त्यांची नजर आहे माझ्यावर. तसं मी काही कमी करत नाही — गिऱ्हाईक आलं की सगळं दाखवतो, प्लाय कुठला, पॉलिश कसलं, सांधे कसे भरलेत — आणि मग खरं सांगतो. खरं सांगितलं की गिऱ्हाईक जातं. परवा एक बाई पलंग घ्यायला आल्या होत्या, त्या गादी जमिनीवर टाकूनच झोपायचं ठरवून गेल्या. जाताना माझे आभार मानले. मालकांना त्या आभारांचं काही कौतुक वाटलं नाही.

तर आमची मुंगी. खरं नाव वेगळं आहे तिचं, पण रांगायला लागली तेव्हा सरळ रेषेत जायची आणि वाटेत जे सापडेल ते तोंडात घालायची, म्हणून माझ्या सासूबाईंनी मुंगी म्हणायला सुरुवात केली, आता तिला खऱ्या नावानं हाक मारली तर ती मागे कोण उभंय ते बघते. ही मुंगी एकदा आमच्या टीपॉयखालून बाहेर येत होती आणि पुरती बाहेर यायच्या आत तिनं डोकं वर केलं. टक्. एवढाच आवाज. धड रडलीसुद्धा नाही, जरा कुरकुरली आणि चमचा चावत बसली. टेंगूळ आलं, वाटाण्याएवढं, ते संध्याकाळपर्यंत उतरलंही. पण माझ्या डोक्यात तो टक् जो बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी मी टीपॉय शेजाऱ्यांना देऊन टाकला. बायको म्हणाली, बरं केलंस, तशी त्याची अडचणच व्हायची. तिथं ती चुकली. कारण टीपॉय गेल्यावर मला डायनिंग टेबल दिसायला लागलं. ते गेल्यावर खुर्च्या. खुर्चीसारखी अविश्वासू वस्तू नाही साहेब, मी लग्नाच्या आधीपासून विकतोय, मला विचारा. पलंगावरून मूल पडतं, पलंग गेला. कपाट अंगावर येतं, कपाट भावाकडे. सोफा मऊ असतो म्हणाल — सोफ्याच्या आत लाकूड असतं, ते आम्हाला माहीत असतं, तुम्हाला नसतं. शेवटी एक स्टूल उरलं होतं, ते बायकोनं बाथरूममध्ये बादलीमागे लपवलं होतं, बल्ब बदलायला लागेल म्हणून. मला ते सापडलं.

घर कसं मोकळं झालं सांगू? बोललं की आवाज घुमायचा. माझा मेहुणा आला, दारातच थांबला, आत नजर टाकली आणि हळू आवाजात विचारलं, पोलिसांत गेलात का? मी म्हटलं, चोरी नाही झाली, मीच काढलंय सगळं. तर त्याचा चेहरा आणखीच पडला.

मग मुंगीचा पहिला वाढदिवस आला. माणसं आली, केक कापला, बश्या हातात दिल्या — आणि मग सगळे उभे. एका हातात बशी, एका हातात ग्लास, आता खायचं कशानं? ग्लास ठेवायला जागा नाही, खिडकीच्या कट्ट्यावर मी उशा बांधल्या होत्या. समोरच्या घरातले आजोबा आपली घडीची खुर्ची घेऊन आले होते, त्यांना गुडघ्यांचा त्रास. मी दारातच ती त्यांच्या हातून घेतली — अगदी अदबीनं, या या म्हणत — आणि बाहेर जिन्याजवळ ठेवली. तर आजोबाही तिच्यामागोमाग परत गेले आणि तिथंच बसले. मग त्यांच्याशी बोलायला कोणी गेलं, ते पायरीवर टेकलं, मग आणखी कोणी. हळूहळू सगळा वाढदिवस जिन्यात गेला, केकसकट. आत फक्त मी, मुंगी आणि सासूबाई. सासूबाई कौतुकानं नातीजवळ जमिनीवर बसल्या होत्या, त्यांना उठता येईना. मी एका बाजूनं, जिन्यातून हाक मारून आणलेला मेहुणा एका बाजूनं, आणि तरी जमेना म्हणून खालून वॉचमनला बोलावला. उठता उठता त्या म्हणाल्या, "जावईबापू, पोरीला जपा, पण आम्हालाही कुठंतरी टेकू द्या." मी म्हटलं, भिंत आहे की. बायकोनं ते दारातून ऐकलं.

खालचा कप्पा बघा जरा — वाका, वाका. मालक उठलेत. — बसले.

वाढदिवसानंतर लस द्यायला नेली तिला. लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, फार शांत बाई. त्यांनी वजन घेतलं, उंची घेतली, कान बघितले, आणि विचारलं, धरून उभी राहते का? मी विचारलं, काय धरून? त्या म्हणाल्या, काहीही, खुर्ची, सोफा, पलंग, घरात जे असेल ते. डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी मुंगीकडे बघितलं. तर मुंगीनं तिथला कचऱ्याचा डबा धरला होता आणि ती उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला उंची असलेली वस्तू भेटली होती साहेब. काय चेहरा होता. मी म्हटलं, पण आम्ही आहोत की घरात, आम्हाला धरेल. डॉक्टर म्हणाल्या, "माणसं हलतात हो. तिला न हलणारं काहीतरी लागेल." तिला डब्यापासून सोडवून घरी आणली, तर सबंध रस्ता रडली. डब्यासाठी.

घरी आल्यावर बायको रुसली. पण रुसून बसायला घरात जागा कुठं होती? ती उभ्यानंच रुसली, स्वयंपाकघरात, पाठ करून — आणि माणूस उभा राहून रुसला ना, की प्रकरण सोपं नसतं. म्हणाली, उद्या संध्याकाळी या घरात न हलणारी एक तरी वस्तू आली पाहिजे, नाहीतर मी मुंगीला घेऊन आईकडे जाते. आईकडे पलंग आहे.

मग दुसऱ्या दिवशी मी काय केलं? हेच. इथंच. हे सगळं शोरूम पायाखाली घातलं. हे घ्यावं का — कोपरा. ते — ड्रॉवरमध्ये बोटं सापडतील. ते गोल टेबल आहे ना, त्याला कोपरे नाहीत, पण एक पाय किंचित आखूड आहे, कोणाला सांगू नका. संध्याकाळी हात हलवत घरी गेलो. दार उघडलं तर बायको उभी, खांद्यावर बॅग, कडेवर मुंगी. काय आणलंस? मी जेवणाचा डबा खाली ठेवला, बूट काढले, खोलीच्या मधोमध गेलो आणि हातागुडघ्यांवर उभा राहिलो. असा. पाठ सरळ, मान खाली. मग बॅग जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग मुंगीला सोडल्याचा. ती रांगत आली, माझा शर्ट धरला, पट्टा धरला, आणि उभी राहिली. मी विचार केला, चला, आपल्याला कोपरे नाहीत.

हसू नका. उंची बरोबर होते माझी. रोज कामावरून घरी गेलो की मी टेबल. पहिल्या दिवशी बायको नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं फोन ठेवला माझ्या पाठीवर, विसरून. मग निवडायची भाजी. मग चहा. सासूबाई आल्या, त्यांना आधी कसंतरीच वाटलं, पण मग म्हणाल्या, जावईबापू, जरा उजेडाकडे सरका, आणि माझ्या पाठीवर पेपर पसरून वाचला. घराला सवय झाली हो माझी. आणि मलाही — म्हणजे कसंय, मुंगी झाल्यापासून आमच्यात बोलणं असं उरलं नव्हतं. दूध दिलंस का, लंगोट बदललास का, एवढंच. आणि आता संध्याकाळी सगळे माझ्याभोवती. टेबलासमोर माणूस मोकळं बोलतो. एकदा बायको तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, कोपर माझ्या पाठीवर टेकून, आणि म्हणाली, "आता बरा आहे ग. आधी हात पसरून घरभर धावायचा नुसता, मलाच धाप लागायची. आता निदान एका जागी असतो." मी काही हललो नाही. हलायचंच नव्हतं ना. पण ते कोपर होतं साहेब, त्याचा भार, ते ऊबदार — असो.

तर पहिलं पाऊल. लोक विचारतात, तू बघितलंस का? मी सांगतो, बघितलं, समोरच होतो. इथं सगळ्यांना सांगितलंय, मालकांना पेढे — पेढे नाही, चॉकलेटं वाटली. कसं टाकलं तेही करून दाखवतो, असं, आधी डावा. पण खरं विचाराल तर — का विचाराल तुम्ही, तुम्ही टेबल घ्यायला आलाय. खरं म्हणजे माझं तोंड भिंतीकडे होतं. टेबल होतो ना मी. मान खाली, समोर फरशी, फरशीवर एक सुकलेला भाताचा कण, अजून डोळ्यांसमोर आहे. पाठीवर बायकोचा चहा. मुंगी माझ्या बाजूला शर्ट धरून. आणि ती पकड सुटली. एवढंच कळलं मला, की इतका वेळ शर्ट ओढला जात होता आणि आता ओढला जात नाहीये. मी टक् होण्याची वाट बघितली. टक् झालंच नाही. मग फरशीवर ओल्या तळव्याचा आवाज आला, थप. मग बराच वेळ काही नाही. मग थप, थप. माझ्यापासून लांब. आणि बायको म्हणाली, "हलू नकोस." इतक्या हळू आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ते मला म्हणाली की मुंगीला, ते मी अजून विचारलेलं नाही. मी हललो नाही. कसा हलणार, चहा होता ना पाठीवर, गरम, वळलो असतो तर पोरीच्या अंगावर. पाठीमागे बायको हसत होती की रडत होती, मुंगी ओरडत होती, आणि मी त्या भाताच्या कणाकडे बघत होतो. आणि मनात म्हणत होतो, बघ, किती शहाणा आहेस तू, किती काळजी घेतोस.

आता ती कशीही जाते, धरून, न धरता. बायकोनं स्वतः जाऊन एक स्टूल आणलं, चांगलं आहे, मी कोपरे तपासले, काही बोललो नाही. अजूनही घरी गेलो की मी जरा वाकतो, सवयीनं. मुंगी माझ्या पोटाखालून निघून जाते.

काय म्हणालात? — कप? कपाचं काय. नंतर तिनं उचलला, मुंगीला कडेवर घेऊन आली आणि उचलला. कशाला विचारताय?

रिकामा होता. तळाला बिस्किटाचा चुरा. तिचा चहा केव्हाच पिऊन झाला होता, ठेवताना रिकामाच ठेवला होता तिनं. टेबलाला काय कळतं, वर कपात किती आहे ते? आणि स्टीलचा होता. पडला असता तरी फुटला नसता.

...

तुम्ही असं करा. या जिन्यानं वर जा. वरचा सेल्समन बिनलग्नाचा आहे, तो दाखवेल तुम्हाला सगळं. जा.