एक्केचाळिसावं अवतरण

सन्माननीय अध्यक्ष, प्राचार्यसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आमचे विभागप्रमुख सर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, सहकारी आणि विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाचच घेईन, सरांच्या शिस्तीत तयार झालेय मी.

सरांचं कौतुक कुठून सुरू करावं? अर्थात पुस्तकापासून. गादी बळकावणाऱ्या राजाची ती शोकांतिका, तिच्यातली निवडक अवतरणं आणि प्रत्येकाखाली विश्लेषण. कोण बोललं, कुणाला, का, आणि बोलताना काय लपवलं. तुमच्यातले निम्मे त्या पुस्तकावर पास झालात. हसू नका, खरं आहे.

आता एक छोटी आठवण. मी इथे नवीन होते तेव्हा दोन वर्षं खपून त्याच नाटकातल्या चाळीस अवतरणांची, विश्लेषणासकट वही तयार केली होती. सरांनी ती चार दिवस बघायला नेली. परत देताना म्हणाले, अजून कच्चं आहे. पुढच्या सत्रात पुस्तक आलं. तीच चाळीस अवतरणं, खाली माझीच वाक्यं, वर नाव सरांचं. विचारायला गेले तर सरांनी प्रेमानं समजावलं की विभागाचं काम सगळ्या विभागाचं असतं, त्यात तुझं-माझं कसलं? पटण्यासारखं होतं, नाही का? मग माझ्या बढतीची मुलाखत झाली. समितीत सरच होते. शेरा पडला, स्वतःचं प्रकाशित लेखन नाही. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी, पाणी घ्या, अजून थोडं बाकी आहे.

दुसऱ्या आवृत्तीसाठी सरांना आणखी पाच अवतरणं हवी होती. मागायला कुणाकडे आले असतील? मी निमूटपणे लिहून दिली. चार नाटकातली होती. एक्केचाळिसावं मी घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतः रचलं. अपमान झालेल्या सरदाराच्या तोंडी घातलं, अंक आणि प्रवेशही ठोकून दिला. खाली विश्लेषण लिहिलं, 'हा संयम नव्हे, हा दबा धरून बसलेला राग आहे.' सरांनी स्वल्पविरामासकट छापलं. मला वाटलं, नाटक एकदा उघडलं तरी पकडतील. सतरा वर्षं झाली. सर वर्गात ते डोळे मिटून म्हणतात. माझ्या मुलांना मी दरवर्षी सांगत आले, एक्केचाळीस सोडून द्या आणि कारण विचारू नका. आता कळलं असेल.

हे मी पोटातच ठेवणार होते, अगदी खरं सांगते. पण आजच्या मानपत्रावर सरांनी स्वतः निवडलेलं त्यांचं आवडतं अवतरण आहे. अध्यक्षांनी आत्ताच ते मोठ्यानं वाचलं आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'इतकी वर्षं मी गप्प राहिलो, ते भरल्या दरबारात बोलता यावं म्हणून.'

त्या टाळ्यांबद्दल मनापासून आभार. माझ्या लेखनाला पहिल्यांदाच मिळाल्या.

संयोजकांचे आणि अध्यक्षांचेही आभार. वेळ थोडा जास्त घेतला, बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. सर, पुष्पगुच्छासोबत मी मूळ नाटक आणलंय. आता तुम्हाला वाचायला भरपूर वेळ आहे. त्यात ते वाक्य सापडलं, तर याच हॉलमध्ये मी तुमची माफी मागेन.