शीट भरल्याशिवाय

तुम्हा शहरवाल्यांचं बरं हाय, हात केला की रिक्षा हलते. आमच्या पाड्यावर शीट भरल्याशिवाय दिन्या चावी फिरवत न्हाय. घरं चार इथं, चार तिथं. माणसं येणार कुठून?

त्या दुपारी माझ्या नणंदेच्या, शेवंताच्या छातीत कळ आली. तिला धरून रिक्षात बसवली आणि म्हटलं, "चल अलिबागला, दवाखान्यात."

दिन्या म्हणाला, "काकी, दोघींसाठी एवढा गॅस जाळू? अजून दोन शीट येऊ दे."

"मेल्या, तिला श्वास घेता येत न्हाय! सगळ्या शिटांचं भाडं उद्या देते."

"उद्याच्या पैशावर पंपवाला गॅस देत न्हाय, काकी."

मग मीच रस्त्यात उभी राहून ओरडले, "अलिबाग, अलिबाग!" कुत्रंसुद्धा फिरकलं न्हाय. बऱ्याच वेळानं सुकी मासळी घेऊन दोघी आल्या, तेव्हा रिक्षा सुटली. शेवंता वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी मयताला सगळे नातेवाईक लोटले. दिन्या खेपेवर खेप आणत होता, प्रत्येक रिक्षा खच्चून भरलेली. मला म्हणतो, "काकी, शेवंतामावशीनं माणसं लय जोडली होती."

मी म्हटलं, "व्हय रे. काल त्यातली दोनच हवी होती."