लेकीच्या लग्नात ताटातुटीचं गाणं

भरदुपारी कराओकेच्या दुकानात गाण्याची खोली रिकामी व्हायची वाट बघत बसलेल्या सेगावाबाईंच्या कानावर शेजारच्या साठीतल्या नवराबायकोचं बोलणं पडत होतं.

"लेकीच्या लग्नात मी तेच गाणार. ठरलं!"

"अहो, लग्नात ताटातुटीचा शब्दसुद्धा काढत नाहीत. आणि तुमच्या गाण्यात तर तो तिला स्टेशनावर सोडून निघून जातो!"

"जाऊ दे की. चाल किती गोड आहे!"

"व्याही उठून जातील."

"कुठले जातायत! माझा आवाज ऐकून माणूस जागचा हलत नाही. ऑफिसच्या वर्षअखेरच्या पार्टीत मी हेच गायलो, तेव्हा तू ढसाढसा रडली नव्हतीस का? म्हणून तर मागणी घातली."

"आता सांगायला हरकत नाही. ते रडू तुमच्या आवाजाचं नव्हतं. त्याच आठवड्यात एकजण मला सोडून ओसाकाला गेला होता."

"ठाऊक आहे."

सेगावाबाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"ठाऊक आहे?"

"अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. म्हणून तर तेच गाणं निवडलं."

काउंटरवरून नवराबायकोच्या नावाचा पुकारा झाला.

"चला, उठा. आणि पट्टी जरा खालची घ्या. वर गेलात की चिरकता तुम्ही. व्याह्यांसमोर हसं नको."