कुंचीवरची खार

आता तुम्हीच सांगा, लेकराच्या कुंचीवर खार भरायला कोणी परवानगी घेतं का? वाघ नाही, सिंह नाही, साधी खार! तीही आमच्या शेंगदाणा तेलाच्या डब्यावरची, फेटा बांधलेली, शेंग मिठीत घेऊन हसणारी. पोरगी तिला बघून खुदकन हसायची, म्हणून घातले चार टाके. भरतकामात माझा पहिला नंबर… म्हणजे, पास केलं होतं बाईंनी.

तर आमचे दीर शेषराव, वाशीमच्या कोर्टात कारकून. आमच्या गावी रिठदला आले, कुंची पाहिली, अन् ओठाला लावलेली बशी खाली! "वयनी, परवानगी घेतली का?" कशाची हो? "अवं, कंपनीचं चित्र हाय ते! केस होते, केस!" पोरीला कडेवर घेऊन पिंजऱ्यात उभी राहू की काय मी? परत जाताना बसच्या खिडकीतूनसुद्धा तेच, "वयनी, परवानगी!"

उसवायला घेतली, तर सासूबाई कडाडल्या, "काहून उसवून राह्यली वं? त्या कुंचीबिगर पोरगी डोया मिटत नाई!" तेही खरंच. मग?

मग काय, बाजाराच्या दिवशी तेल कंपनीचे मदनसिंग गावातल्या किराणा दुकानात आले, तशी गेले. कडेवर पोरगी, मागून सासूबाई. ते म्हणाले, "परवानगी देऊ, पण अटी आहेत बाई. रंग बदलायचा नाही, माप बदलायचं नाही, वरून काही जोडायचं नाही, खाली कंपनीचं पूर्ण नाव पाहिजे."

मी गार! तपकिरी दोरा संपला म्हणून माझ्या खारीची शेपूट हिरवी. अन् गालावर काजळाची तीट! ती सासूबाईंची. "लोकं पोरीच्या आंधी खारीलेच पाह्यतात, नजर नाई लागणार तिले?"

मदनसिंगांनी कुंची सरळ धरली, उलटी धरली, उजेडात नेली… अन् म्हणाले, "ही आमची खारच नाही. हे मुंगूस आहे. परवानगी लागतच नाही, जा खुशाल."

सुटले होते हो मी! मुकाट घरी यावं की नाही? पण मुंगूस? मुंगूस?! "नीट बघा! फेटा बघा, शेंग बघा! तुमच्याच डब्यावरून टाका न् टाका उतरवलाय!" अख्ख्या बाजारानं ऐकलं.

"असं?" मदनसिंगांनी खिशातला पेन काढला. "मग अटी लागू."

तीट तेवढी राहिली. "कंपनीच्या खारीले नजर लागली त कोन भरून देईन?" या सासूबाईंच्या सवालाला मदनसिंगांकडं कलमच नव्हतं.

परवानगी घेतली का? घेतली हो भाऊजी, भांडून घेतली! शेपूट उसवून पुन्हा भरली, अन् नाव तर एवढं लांब, की कपाळापासून निघालं ते मानेवर संपलं. आता पोरीला घेऊन बाहेर पडले की बायका तिचा मुका घेत नाहीत, वाचतात. अन् विचारतात, "काहो, डबे आले का दुकानात?"

मीही सांगून टाकते… आले.