आत्याचा भागाकार

भाची : डोकंसुद्धा आत घाल, आत्या!

आत्या : अगं, केस कालच रंगवलेत! गळ्यापर्यंत पिंपात बसलेय, ते पुरे नाही का?

भाची : गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घेताना एक हात सोडून देतेस का तू?

आतोबा : अगं, दाराखालून पूर आलाय! माझ्या चपला तरंगत दिवाणखान्याकडे निघाल्या!

आत्या : ऐकलंस? चपलांना जमतं, मला जमत नाही!

भाची : जमेल. मोठा श्वास घे, धरून ठेव, आणि बूड.

आत्या : बूड काय म्हणतेस, मेले! तुझ्या बापानं लहानपणी हेच केलं. विहिरीत ढकललं, नि मी खाली जाताना वरून ओरडतोय, ‘ही तर दगड आहे दगड!’ इतकी वर्षं झाली, अजून पाण्यात पाय टाकला की छातीत धडधडतं.

भाची : म्हणून तर हा खटाटोप. गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम हवा, आणि तू तलावाच्या कठड्याला घोरपडीसारखी चिकटून! शनिवारी कठडा सोडला नाहीस तर तिथल्या शिकवणाऱ्या बाई वर्गातून तुझं नाव कमी करतील. चल, श्वास!

आत्या : ... फूः! नाकात गेलं! झालं का?

भाची : झालं, ये बाहेर. काठोकाठ भरलेल्या पिंपातलं पाणी तू बाहेर सांडलंस. आता पुन्हा काठापर्यंत भरायला जितकं पाणी लागेल, तेवढा तुझा आकार. ही एक बादली... ही दुसरी...

आतोबा : चार बादल्यांत ती मावायची नाही, सांगून ठेवतो!

आत्या : तुम्ही फरशी पुसा!

भाची : चार! बरोब्बर काठाला. बादली वीस लिटरची, म्हणजे तू ऐंशी लिटर. एवढ्या पाण्याचं वजन ऐंशी किलो. आणि तुझं?

आत्या : हळू विचार की! ... अठ्ठ्याहत्तर.

भाची : अठ्ठ्याहत्तर भागिले ऐंशी. एकाच्या आत! उत्तर एकाच्या वर गेलं की वस्तू बुडते, आत राहिलं की तरंगते. दगडाचं येतं अडीचच्या आसपास, लोखंडाचं जवळजवळ आठ.

आत्या : म्हणजे मी दगड नव्हतेच?

भाची : छाती भरलेली असली तर मुळीच नाही. विहिरीत तू किंचाळलीस, हवा गेली, आकार घटला. वजन तेवढंच. भागाकार एकाच्या वर चढला!

आतोबा : तोंड मिटलं की तरंगेल? हे मी लग्नापासून सांगतोय!

आत्या : अहो, पिंप अजून भरलेलं आहे, ध्यानात ठेवा!

(शनिवार. पोहण्याचा तलाव.)

भाची : मान माझ्या हातावर सोड. कान बुडू देत.

आत्या : हसवू नकोस, हसले की खाली जाते!

भाची : मी कुठं काय केलं?

आत्या : काठावर तुझा बाप बघ ना! टॉवेल धरून उभाय, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

भाची : काल त्यांना भागाकार समजावला. आज टॉवेल घेऊन स्वतःच निघाले.

आत्या : राहू दे थोडा वेळ तसाच उभा.

भाची : श्वास घे. वर आभाळाकडे बघ.

आत्या : ...

भाची : आत्या? ठीक आहेस ना?

आत्या : हं.

भाची : भीती वाटतेय?

आत्या : नाही गं. हळूच हात काढ तुझा.