काड्यापेटीएवढी फट

पंचशीला : मांडीखाली काड्यापेटी उभी न्हाई राहत आता. आडवी मात्र आरामात सरकती.

महामाया : हा डावा पाय, आई. उजवा पुढं घेतला की उभीच राहते.

(किल्लारी, नवी वसाहत. अंगणात पत्र्याच्या शेडसमोर सतरंजीवर महामाया एक पाय पुढं, एक मागं ताणून स्प्लिटचा सराव करतेय; आई मांडीखालची फट काड्यापेटीनं मोजतेय. मागं पक्कं घर.)

पंचशीला : मग वरून दाबू का?

महामाया : नको. जिम्नॅस्टिकचे व्यंकट सर म्हणाले, दाबलं की स्नायू उलटा आखडतो. टाच जमिनीत रोवायची, मग श्वास सोडायचा. पाय आपसूक खाली जातो.

पंचशीला : शेजारची रत्नम्मा म्हणत होती, पोरगी मधोमध उसवंल.

महामाया : तिला म्हणावं, सुईदोरा तयार ठेव.

पंचशीला : हसू नको. ठरलंय काय आपलं? दिवाळीनंतर लातूरला निवड चाचणी. स्प्लिट जमिनीला टेकली तर जिम्नॅस्टिक. न्हाई तर गुमान क्लास अन् डॉक्टरकी.

महामाया : क्लास सोडलाय का मी? क्लासला जाता-येता जीपमध्ये बायोलॉजी पाठ करते. टेकली तर दोन्ही करीन.

पंचशीला : न्हाई टेकली तर?

महामाया : शब्द दिलाय. सोडीन. पण सर विचारत होते, संध्याकाळी मोकळा झालेला पाय सकाळी आखडतो कसा? झोपतेस कशी?

पंचशीला : काय सांगितलंस?

महामाया : खरं ते. शेडात, दाराशी, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाले, घर असताना शेडात का? मी म्हटलं, भूकंपापासून आई स्लॅबखाली निजत न्हाई.

पंचशीला : तू तान्ही होतीस. तुझे बाबा पाय लांब करून निजले होते. पायांवरच माळवदाचं छत आलं, निघता आलं न्हाई. मी पाय पोटाशी घेऊन होते, म्हणून तुला उचलून पळता आलं. तेच तुला शिकवलं.

महामाया : माहीत हाय. पण ते मातीचं माळवद, दगडाच्या भिंतींवर. ह्या भिंतींत सळ्या हाईत. अंगणवाडीत तूच आयांना सांगतेस, हे घर हललं तरी पडत न्हाई.

पंचशीला : सांगणं येगळं.

महामाया : शेडात पाय सरळ केले की पत्र्याला लागतात.

पंचशीला : तू नीज की आत. मी कधी न्हाई म्हणले?

महामाया : तू बाहेर अन् मी आत? माझा कान बाहेरच राहील. पाय परत पोटाशी.

पंचशीला : उजवा पुढं घे. परत एकदा. सावकाश.

महामाया : बघ आता.

पंचशीला : श्वास सोड.

महामाया : सोडला. किती?

पंचशीला : उभीच राहती. ऊठ.

महामाया : जेवायला वाढू?

पंचशीला : आधी आतल्या खोलीतलं ज्वारीचं पोतं सरकव. झाडून घे.

महामाया : आत्ता? कशाला?

पंचशीला : अंथरूण आत घालू. दोघींचं.