नथ्थूच्या अक्षराचा वेल

हौ, तेच अक्षर, रेंजर साहेब, दुसरं कोणतं असन — बालाघाटात आता कोणाच्याही पोरीचं लग्न असो, कार्डावर तेच वेटोळं अक्षर पायजे. पोरीच्या लग्नाले पन्नास कार्ड कमी पडले म्हणता? पडनच, अर्धं बिरसा गाव अन् अर्धं उकवा बोलावून बसले तुम्ही. बसा, राजू शेठ आत मशीन लावून राह्यले. अन् ते अक्षर कोणाचं हाये, माहीत हाये? माह्यं. या चौथी नापास नथ्थूचं. चाळीस वर्षं कुच्चीनं पाट्या रंगवल्या, मंग शेठनं माह्यी बाराखडी कागदावर काढून घेतली अन् कंप्युटरात घातली. दुरून पाहाचं अक्षर हाये ते, वाचाचं नाही. लोक काय करते — प्रूफ हाती आलं का मामाचं नाव वर हाये का फुफाजीचं, तेवढं पाहाते अन् सही ठोकते. खालचा नक्षीचा वेल, जो अजून मी काढून देतो, तो कोणी वाचत नाही. काहून हासता? वेल कोण वाचन, म्हणता? अहो, वेल नाहीच तो. बारीक अक्षरं हायेत, शेपटीले शेपटी जोडून. मन झालं का कार्डात एक ओळ मी चोरून घालतो — हळू बोला, शेठलेही माहीत नाही.

आता हट्टा गावचा हेमराज घ्या — मोठा शौकीन, पोराले घोडीवर मिरवाचं होतं. मी वेलात लिवलं, ‘नवरदेव घोडीवरून उतरन नाही.’ बॅन्ड वाजला, घोडी बिथरली, पोराले घेऊन थेट जंगलात. संध्याकाळी सापडला, लगाम धरून घोडीवरच बसून. हासून हासून पोट दुखलं माह्यं. मंग मोतीलाल मास्तर — बोलाले लागले का थांबत नव्हते. सत्काराच्या कार्डात लिवलं, ‘मास्तर आज बोलन नाही.’ माईक हाती घेतला अन् तोंड वाकडं झालं. लकवा. अजूनही बोलत नाही, पाटी घेऊन लिवून देते... नाही, मी काय केलं त्यात? योगायोग. तरी दोन वर्षं हात बांधून ठेवला होता मी.

होता म्हणजे होता, शब्द धरून काय बसता. तुम्ही तं शकुन-मुहूर्त मानत नाही ना, त्रिसरण-पंचशील झालं का लग्न लागलं तुमच्यात. मंग? बरं, हौ, तुमच्याही कार्डात हाये. तुम्हीच त्या दिवशी मजकूर देता देता म्हणाले — नथ्थू, आता तुह्या हातात काय राह्यलं, सारं मशीन करते. लागलं मले. वाईट नाही लिवलं, साहेब, गमतीचंच. तुम्ही कडक माणूस, वाघाच्या पंज्यावर पाय ठेवून चालणारे, तुमच्या डोळ्याले पाणी कोणी पाह्यलं नाही. मी लिवलं, ‘संघमित्राच्या पाठवणीले बाप रडन नाही.’ बस, एवढंच. आता पाठवणीले बाप रडत नाही म्हणजे — कडक असते म्हणून. नाही तं दुसरं काय कारण असन? बाप उभाच असते तिथं, रडो का न रडो, उभा तं...

...

कार्ड सारे वाटून झाले, नाही का?

शेठ, मशीन बंद करा. पन्नास कार्ड राहू द्या, साहेब, मी देत नाही. लग्न रविवारी ना? तवापर्यंत जंगलात ड्युटी घेऊ नका, जीपमधे बसू नका — अन् माह्याकडे असे पाहू नका. घरी जा. पोरीजवळ बसून आत्ताच रडून घ्या. जा म्हणतो ना.